बियाण्याला लावलेले कांदे

तीर्थरूप आण्णा,

नवनाथचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे?

फोनवर जीभ रेटली नाही, म्हणून लिहितोय. दिवाळीत मी आणलेले कांदे तुम्ही बियाण्याला लावले, त्यांतला एकही उगवला नाही. "माझ्याच हाताला गुण राहिला न्हाई," असं तुम्ही म्हणालात. आण्णा, दोष तुमच्या हाताचा नाही. आमच्या कारखान्यात कांद्यावर गामा किरणं सोडतात. कांदा खायला चांगलाच राहतो, पण आतला कोंब मरतो. म्हणून तर तो एवढा टिकतो.

मला हे माहीत होतं. पण तुम्ही भावकीला बोलावून, "पोराच्या कंपनीचा कांदा बघा, लई टणक! यंदा बियाण्याला ह्योच," म्हणत होता आणि मी शेजारी हसत उभा होतो. बियाण्यासाठी निवडून ठेवलेले घरचे कांदे तुम्ही मंचरच्या बाजारात विकलेत, तेव्हाही मी गप्पच बसलो.

येडगावच्या आत्याकडे आपलंच बी आहे. मागायला तुम्ही जाऊ नका. सुट्टीत येऊन मीच जाईन, आणि का मागतोय तेही सगळ्यांसमोर सांगेन.

आई म्हणाली, तुम्ही अजून रोज त्या वाफ्याला पाणी देता. आता देऊ नका, आण्णा.

तुमचा,
नवनाथ