कोरपन्याच्या रस्त्यातला तुकडा

बाबा,

त्या हिवाळ्यात नागपूरच्या कॉलेजातून आलेल्या इंजिनियर बाईवर माझा अजून राग आहे. ती जवळपास माझ्याच वयाची. तुम्ही बांधकाम खात्यात मुकादम, तुमची गँग तिच्या कामाला दिलेली. कोरपन्याच्या रस्त्यात तिला एक तुकडा नव्या काँक्रीटचा घालायचा होता. त्यात केसासारखे बारीक कार्बनचे धागे कालवलेले. वरून गाडी गेली की आतून सोडलेल्या विजेत फरक पडायचा आणि कडेच्या पेटीतला काटा हलायचा. हे मला तुमच्याकडूनच कळलं, कारण जेवताना दुसरा विषयच नसे. "पोरगी सोता फावडं धरते व," तुम्ही आईला सांगता आहात. "सिमेंटचा ट्रक गेला का काटा असा उडते!" घास हातातच राहिलाय. मी वाढते आहे. बारावीनंतर मी इंजिनियरिंगचं नाव काढलं तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात, "पोरीचं सडकेवर काय काम?"

एका रविवारी मला आणि आठवीतल्या धाकटीला तुम्ही तो तुकडा दाखवायला नेलंत. ट्रक गेला, काटा उडाला, तुम्ही टाळी वाजवलीत. माझ्या निकालाला अशी टाळी कधी वाजली नव्हती. पेटीजवळ उभ्या असलेल्या त्या बाईने मला विचारलं, "तुम्ही काय शिकता?" मी तोंड उघडायच्या आत तुम्हीच सांगून टाकलंत, "बी.ए. करून राह्यली. आता लग्नाचं पाहून राह्यलो."

परतताना बसथांब्यावर मी विचारलंच. "बाबा, मले काऊन नाई म्हटलं तुमी?"

तुम्ही रस्त्याकडे बघत म्हणालात, "तवा मले माईतच नव्हतं माय, पोरी असं काम करतेत म्हणून."

तुम्हाला ते तिने दाखवलं होतं. मी घरात असून मला दाखवता आलं नव्हतं. पुढे सगळ्या नातेवाइकांशी भांडून तुम्ही धाकटीला पॉलिटेक्निकला घातलंत. माझ्या लग्नाला तेव्हा वर्ष झालं होतं.

तुम्ही गेलात तेव्हा ती बाई आली होती. धाकटीला जवळ घेऊन रडली. मला तिचं रडणंसुद्धा सहन झालं नाही.

धाकटी आता सिरोंच्याकडे पुलाच्या कामावर आहे. माझी बहीण इंजिनियर, असं मी शेजारणींना हौसेने सांगते. ते खोटं नाही. पण तिचा फोन ठेवला की थोडा वेळ मी घरात कुणाशी बोलत नाही. हे तिला कधी कळू दिलेलं नाही.