पंख्यावरची जजबाई

व्रानोव, टेक्सस
रविवार, २८ सप्टेंबर २०१४

प्रिय बर्नी,

कशी आहेस? गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं ना? मला बेकरीतल्या अग्नेसकडून कळलं. सख्ख्या बहिणीच्या गुडघ्याची बातमी बेकरीत मिळावी, आता काय बोलणार! जिने चढू नकोस आणि डॉक्टरांशी वाद घालू नकोस. दुसरं तुला जमणार नाही हे मला माहीत आहे.

पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र फेकून देऊ नकोस, एवढी विनंती. आधी वाच आणि मग फेक.

इकडे सगळं ठीक आहे. एर्विनने शेवटी कानाचं यंत्र घेतलं, पण मी बोलायला लागले की तो हळूच काढून खिशात टाकतो. मागच्या अंगणातलं पेकानचं झाड यंदा नुसतं लगडलंय. मागच्या रविवारी चर्चची जत्रा झाली. सॉसेज दुपारीच संपले, पोल्का वाजवणारे मात्र संपता संपत नव्हते. खसखशीचे कोलाचे, आपले गोड पाव, मी केले होते. कुणी नावं ठेवली नाहीत, पण आईच्या हातची चव नाही ती नाहीच.

जत्रेबद्दल अजून सांगायचं आहे. पण आधी दुसरं सांगायला हवं, नाहीतर मी अशीच पेकान नि पोल्का करत कागद भरून टाकीन.

मी पडले, बर्नी. गुडघ्यावर नाही, निवडणुकीत. मे महिन्यात पक्षातल्या पक्षात उमेदवारीसाठी दुसरी फेरी झाली, त्यात सपाटून पडले. आता नोव्हेंबरमध्ये ट्रॅव्हिस होलुबसमोर कुणी उभंच नाही, म्हणजे तोच जज होणार. अगं, तोच तो, ज्याच्या बापाने आपल्याला ट्रॅक्टर विकला होता नि महिन्याभरात बंद पडला होता. वर्षअखेरीस माझ्या दारावरची पाटी निघेल.

तुला वाटेल, बरी अद्दल घडली. वाटू दे. मला स्वतःला काय वाटलं ते सांगायलाच तर बसलेय.

माझ्या पहिल्या निवडणुकीला बाबांनी ट्रकच्या टपावर डेमोक्रॅटांचं पुठ्ठ्याचं गाढव बांधून गावभर फिरवलं होतं. आठवतं? त्या दिवसांत आपल्याकडे गाढवाच्या पक्षातून दगड उभा केला असता तरी निवडून आला असता. मी दगडापेक्षा बरी होते, एवढंच. पुढे वारं फिरलं. बघता बघता सगळा जिल्हा रिपब्लिकन, हत्तीवाला झाला. शेरीफ तिकडे गेला, कोषाधिकारी गेला, आणि मग एक दिवस कोर्टाच्या पायऱ्यांवर उभं राहून मीही कोटाला हत्तीची पिन लावून घेतली. मी स्वतःला काय सांगितलं ते तुला माहीत आहे. न्याय करायचा तर आधी खुर्चीत बसायला हवं, आणि खुर्चीत बसायचं तर निवडून यायला हवं. बरोबरच होतं ते. अजूनही मला तेवढं चूक वाटत नाही.

पण त्या रविवारी आईच्या टेबलावर तू जे बोललीस, ते मी विसरले नव्हते. "आज मतांसाठी पक्ष बदललास, उद्या मतांसाठी न्याय बदलशील." शेवयांचं सूप तसंच टाकून तू उठून गेलीस. बाबा खाली मान घालून एवढंच म्हणाले, "तिचं सूप गार होतंय." त्यानंतर बाबांच्या अंत्यविधीलासुद्धा आपण दोघी वेगवेगळ्या बाकांवर. मी नाताळचं कार्ड पाठवलं, तर ते तू परत धाडलंस. वर लिहिलं होतं, "मी कुठल्या खटल्यात नाही, मला जजची सही नको." काय राग आला होता मला! छापील कार्ड होतं गं, सगळ्यांना तेच गेलं होतं. आता कळतं, रागही त्याचाच होता तुला.

बरं. आता पंख्याची गोष्ट.

आपल्याकडे मतं मागायला आलेल्याने हातात काहीतरी ठेवायचंच असतं. मागे मी माश्या मारायच्या जाळ्या वाटल्या होत्या, आणि तू म्हणाली होतीस, "चला, जजबाईंच्या हातून निदान माश्या तरी मरतील." यंदा ट्रॅव्हिस गावोगाव सांगत होता, ही बाई नरम आहे, आतून अजून गाढवाचीच आहे. म्हणून प्रचाराचं काम बघणाऱ्या पोरीने हातपंखे छापून घेतले. पुठ्ठ्याचे, लाकडी दांडीचे. एका बाजूला माझा हसरा फोटो आणि दुसऱ्या बाजूला मोठ्या लाल अक्षरांत: "जज लिओना माटोखा. इथे दयामाया नाही!"

मला आधी दाखवला होता तिने. मी म्हटलं, छाप. हे तुझ्यापासून लपवत नाही.

मतदानाच्या थोडे दिवस आधी माझ्यासमोर रोहेलियो कांतूचा खटला लागला. बावीस-तेवीस वर्षांचं पोरगं. मिल्टन श्रामेकच्या शेतावर कामाला होता, भांडण झालं, काढून टाकला. आठवड्याभरात मिल्टनची गवताची वखार जळाली. बस, याच्या नावावर फाडलं बिल. दोषी ठरता तर वीस वर्षं आत. आणि मिल्टन म्हणजे कोण, तर आमच्या हत्तीवाल्यांच्या प्रत्येक जेवणात पहिल्या टेबलावर बसणारा माणूस.

ओलं गवत बांधून ठेवलं की आतल्या आत तापतं आणि आपसूक पेटतं, हे तुला-मला लहानपणापासून ठाऊक आहे. बाबा आपल्याला वखारीत पाठवायचे, गठ्ठ्यात हात घालून बघायला. पण जजला तोंड उघडता येत नाही गं. साक्षीपुराव्यात येईल तेवढंच खरं.

खटल्याच्या दुसऱ्या दिवशी कोर्टातली थंड हवेची यंत्रणा बंद पडली. मे महिना, वर बंद खिडक्या, नुसतं उकडून निघत होतो. आमचा बेलिफ एमिल, तू ओळखतेस त्याला, म्हातारा देवमाणूस. ज्युरीतली एक बाई घामाने पांढरी पडली, तर त्याला बघवेना. तो गेला, माझ्या चेंबरच्या कपाटातून एक खोकं काढलं आणि बाराच्या बाराजणांना एकेक पंखा देऊन आला. त्याच्या मनात पाप नव्हतं.

मी मान वर केली तर समोर बारा पंखे. बारा ठिकाणी मी हसतेय. आणि पंखा हलला की मागची लाल अक्षरं त्या पोराच्या बाजूला होतायत. इथे दयामाया नाही. इथे दयामाया नाही. तो बिचारा पहिल्या रांगेतल्या पंख्यांकडे बघत बसला होता. मागच्या बाकावर त्याची आई.

आता जे लिहितेय ते एर्विनलासुद्धा सांगितलेलं नाही. मी काहीच केलं नाही. साक्षीदार बोलत होता, मी त्याला बोलू दिलं. कुणाच्या लक्षात आलेलं नव्हतं. सुट्टीत एमिलला सांगून पंखे गुपचूप गोळा करता आले असते. मी हिशोब करत होते, बर्नी. खटला मोडला तर मिल्टन काय करील, त्याच्यामागे किती घरं जातील, ट्रॅव्हिस रेडिओवर काय बोलेल. त्या उंच खुर्चीत, काळा झगा घालून, मी मतं मोजत होते.

आणि मला तू ऐकू आलीस. अगदी आईच्या टेबलावरच्या आवाजात. तुझ्यापुढचं सूपसुद्धा डोळ्यांसमोर आलं.

मी साक्ष तिथेच थांबवली. ज्युरीला बाहेर पाठवलं आणि दोन्ही वकिलांना चेंबरमध्ये बोलावून पंखा टेबलावर ठेवला. बचावाच्या वकिलाने तो उलटापालटा करून वाचला आणि त्याचा चेहराच उतरला. "जजबाई," तो म्हणाला, "हा खटला रद्द करा. नव्या ज्युरीसमोर पहिल्यापासून चालू दे."

सरकारी वकील हसायला लागला. "अहो बाई, पंख्यावरचं कोण वाचतं? लोक वारा घेतात!"

"मग मी छापलं कशाला?" मी म्हटलं.

जाता जाता तो हळूच म्हणाला, "बाई, मतदान तोंडावर आहे. जरा विचार करा."

"तोच करत होते मघापासून," मी म्हटलं. "म्हणून तर रद्द करतेय."

बाहेर येऊन मी ज्युरीचे आभार मानले आणि त्यांना घरी पाठवलं. खटला शेजारच्या जिल्ह्यातल्या जजकडे वर्ग केला, म्हणजे माझं तोंड आणि माझा पंखा दोन्ही त्यातून बाहेर. एमिल रडकुंडीला आला होता. "मी तुमचं वाटोळं केलं, जजबाई." मी त्याला म्हटलं, "एमिल, तू लोकांना वारा घातलास. अक्षरं माझी होती."

पुढचं तू ताडलंच असशील. मिल्टनने तोंड फिरवलं. रेडिओवर दिवसभर एकच रड, आग लावणाऱ्याला जजबाईंनी पंख्याने वारा घातला. मला एकदा तर हसू आलं, वाक्य चांगलं होतं! निकालाच्या संध्याकाळी सगळे हॉलमध्ये माझ्याभोवती दुःखी चेहरे करून उभे होते. प्रचारवाली पोरगी तर हुंदके देत होती. मी सगळ्यांची समजूत काढली, गाडीत जाऊन बसले, दार लावलं आणि हुश्श केलं. मग रडू फुटलं. एर्विनने घाईघाईने यंत्र कानात घातलं आणि विचारलं, "फार वाईट वाटतंय का?" मी म्हटलं, "नाही रे. सुटले." खरंच, इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. आता कुणी जेवायला बोलावलं तर का बोलावलं हे बघायला नको. निकाल लिहिताना पाठीमागे कुणी उभं नाही. कोटावरची पिन मी शिवणाच्या डब्यात टाकली आहे. टोचते चांगली.

मग तुला तेव्हाच का नाही लिहिलं? भीती वाटत होती. मी सुटले, पण ते पोरगं कुठे सुटलं होतं? नवी ज्युरीही त्याला आत टाकती, तर मी तुला काय सांगणार होते? खुर्ची गेली ती गेली, वर उपयोगही शून्य.

जत्रेच्या आदल्या आठवड्यात नवा खटला उभा राहिला. मी रजा काढून मागच्या बाकावर जाऊन बसले. विमा कंपनीकडून आग तपासायला आलेल्या माणसाने साफ सांगितलं की आग गठ्ठ्यांच्या आतून लागली, गवत ओलं बांधलं होतं. ज्युरी आत गेली आणि बाहेर आली. निर्दोष! त्या पोराने टेबलावर डोकं टेकलं. मी तिथून पळाले, कारण मला परत रडू येत होतं आणि जज असेपर्यंत चारचौघांत ते शोभत नाही.

आता जत्रा. निकालानंतरचाच रविवार. मी कोलाचे विकत बसले होते तर शेजारच्या खुर्चीवर रोहेलियोची आई येऊन बसली. ऊन मी म्हणत होतं. तिने पिशवीतून पंखा काढला. माझाच! कुठून उचलला होता देव जाणे. माझा जीव कानकोंडा झाला. ती शांतपणे स्वतःला वारा घालत होती, मग जरा माझ्याकडे वळून मलाही घालायला लागली.

"यावरचं खोटं आहे हो बाई," ती म्हणाली. "पण वारा छान लागतो."

बर्नी, इतक्या वर्षांत मला कितीजणांनी मतं दिली, पण असं काही कुणी दिलं नव्हतं.

तू त्या दिवशी टेबलावर बोलली नसतीस, तर मी त्या दुपारी मान खाली घालून साक्ष ऐकत बसले असते. तुला हे कळायला हवं. रागाने बोललीस का प्रेमाने, ते आता राहू दे.

गुडघा चालायला लागला की ये. शेवयांचं सूप करते, आईसारखं होणार नाही, नावं ठेव हवं तर. पंख्यांची दोन खोकी उरली आहेत, उकाड्याची काळजी नको. आणि या पत्रावर जजची सही नाही. लहानपणी तू मला जी हाक मारायचीस आणि नंतर कुणीच मारली नाही, तीच खाली लिहिते. ओळखीची वाटली तर उत्तर दे.

तुझीच,
ली