पाणी राहून गेलं

जाफराबाद,
४ फेब्रुवारी २०२४

ती. शलमोन मामांस,
प्रीतीचा सप्रेम सलाम. वि. वि. फोनवर तुम्हाला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही मनानं जुळवता, म्हणून लिहून राह्यले. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तुम्ही घरातल्या घरात चालता, असं मामी सांगत होत्या. जिना मात्र उतरू नका.

अण्णांची बायपास पुढच्या सोमवारी, संभाजीनगरला. डॉक्टर म्हणतात, हृदय कमजोर आहे, पण केल्याशिवाय इलाज नाही. आई शांत आहे. मीच एका जागी बसू शकत नाही. पोळी तव्यावर टाकते आणि अंगणात जाऊन उभी राहते.

मामा, अण्णांचा बाप्तिस्मा झालेला नाही. आईशी लग्न केल्यापासून ते दर रविवारी चर्चच्या शेवटच्या बाकावर बसतात, घरच्या प्रार्थनेत सगळ्यांत मोठ्यानं आमेन म्हणतात, पण बाप्तिस्मा झालेल्यांनाच मिळणाऱ्या प्रभूभोजनाची वेळ आली की उठून बाहेर जातात. ऑपरेशनमध्ये काही झालं तर? काल मी न विचारताच इथल्या पाळकसाहेबांना घरी बोलावलं. वाटीत पाणी तयार ठेवलं. अण्णा खाटेवर उठून बसले आणि म्हणाले, “भ्यालेल्या माणसाच्या डोक्यावर पाणी घालू नका, साहेब.” मंग त्यांनी साहेबांना चहा पाजून परत पाठवलं.

मी रडले, तेव्हा त्यांनी कारण सांगितलं. लग्न झालं तेव्हा आष्टीच्या कारभारीकाकांनी, बायकोपायी धर्म सोडणारा भाऊ मला नको, असं म्हणून त्यांना दारातून परत पाठवलं होतं. बाप्तिस्मा घेईन तर आधी दादाला तोंडावर सांगून, म्हणाले. आजारपणात उरकला तर दादा म्हणेल, खाटेवरच्या माणसाला बाटवला. पण काकांशी इतकी वर्षं बोलणंच नाही!

मामा, तुम्ही अण्णांना लिहा. तुमचं ते ऐकतील. माया आहे तशी असू द्यावी.

तुमची,
प्रीती


जालना,
८ फेब्रुवारी २०२४

चि. प्रीतीस,
अनेक आशीर्वाद. तुझी मामी म्हणते, मला हवं तेवढंच ऐकू येतं. ते खरं आहे, पण तिला सांगू नकोस.

दाजींना मी लिहिणार नाही. रागावू नकोस, आधी पुढचं वाच.

बाप्तिस्मा लागतोच का, असं तू सरळ विचारलं नाहीस, पण पत्रभर तेच आहे. लागतो. प्रभूची आज्ञा आहे, ती आपल्या सोयीनं पुढं ढकलायची नसते. पाळक म्हणून मी उभा जन्म हेच शिकवलं. पण वधस्तंभावर प्रभूच्या शेजारी जो चोर होता, त्याला पाणी कुठं मिळालं? त्यानं फक्त ओळख दाखवली आणि प्रभूनं त्याला त्याच दिवशी आपल्याबरोबर घेतलं. बाप्तिस्मा म्हणजे प्रवासाला निघताना खिशात टाकायचा पास नव्हे. मी कुणाचा, हे चार माणसांसमोर बोलून दाखवणं आहे. दाजींनी एसटी चालवली, पण धावत्या गाडीत कधी कुणाला चढू दिलं नाही. ते स्वतः कसे चढतील?

तू म्हणशील, मामाला लिहायला काय जातं. पोरी, तुझ्यासारखंच मलाही बसवत नाही, हे लिहितानासुद्धा मी सारखा काठी घेऊन उठतोय. ऑपरेशन नीट होवो आणि त्यांना आष्टीला जाता येवो, एवढंच मागतो.

तुझ्या आईला, नंदाला जप. तीही घाबरली असेल, दाखवत नसेल. तुझ्यावर जीव आहेच, तो कमी होणार नाही.

तुझा,
शलमोन मामा


जाफराबाद,
१४ मार्च २०२४

ती. मामांस,
सलाम. वि. वि. अण्णा गेल्याचं तुम्हाला फोनवर कळलं, पण मातीच्या दिवशी काय झालं ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

ऑपरेशन चांगलं झालं होतं. अण्णा घरी आले, थोडं थोडं चालू लागले आणि स्वतः पाळकसाहेबांकडे जाऊन बाप्तिस्म्याचा रविवार ठरवून आले. आईनं त्यांच्यासाठी पांढरा सदरा शिवायला टाकला. त्या आठवड्यात ते एकटेच आष्टीला गेले. मी सोबत येते म्हटलं, तर बिलकुल न्हाई म्हणाले.

काकांनी त्यांना घरात घेतलं. जेवू घातलं. अण्णांनी काकांच्या मुलासुनांसमोर सगळं सांगितलं. काका खूप चिडले. आपल्या आईबापाचं काय, असं विचारलं. अण्णा म्हणाले, ते माझेच आहेत, त्यांना मी कुठं सोडलं? मंग अण्णा निघायला उठले. पण काकांनी जाऊ दिलं नाही, अंथरूण टाकून दिलं. सकाळी चहा पिता पिता अण्णा ओट्यावर एका बाजूला कलंडले.

काका स्वतः त्यांना टेम्पोत घेऊन आले. इथं चर्चची कमिटी बसली. बाप्तिस्मा नाही, तर आपल्या कबरस्थानात जागा कशी द्यायची, आज सवलत दिली तर उद्या कुणाला नाही म्हणायचं, अशी चर्चा. पाळकसाहेब खाली बघत होते. आई अण्णांच्या उशाशी, आणि मी आत-बाहेर, आत-बाहेर. काकांनी मला विचारलं, कशासाठी अडलंय? मी सांगितलं. ते चपला काढून आत गेले.

मामा, ते काय बोलले ते शब्दाला शब्द लिहिते. “रखमाजी माझ्या घरी येऊन म्हणला, दादा, मी येशूचा हाय. मला पटलं न्हाई, आजबी पटत न्हाई. पण तो तसंच म्हणला. मी खोटं कसं सांगू? त्याला आमच्या रानात न्यायला मला कोण अडवणार होतं? तरी इथं आणलाय.”

मंग पाळकसाहेब उठले आणि म्हणाले, चला, जागा दाखवतो. पांढरा सदरा आईनं अण्णांना घातला.

जाताना काकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, त्या पाण्यानं नेमकं काय होतं गं? माझा बाप्तिस्मा मी कडेवर असताना झाला. मला काहीच सांगता आलं नाही. तेव्हापासून झोप नाही. पाळकसाहेब आले होते त्या दिवशी मी अजून हट्ट धरायला हवा होता का?

तुमची,
प्रीती


जालना,
२० मार्च २०२४

चि. प्रीतीस,
अनेक आशीर्वाद. पत्र तुझ्या मामीनं मोठ्यानं वाचलं. मधेच ती थांबली, मंग मी वाचलं.

हट्ट धरला नाहीस ते बराबर केलंस. तरीही त्यांच्या कपाळावर पाणी पडायला हवं होतं, असं मला वाटतं, आणि ते वाटणं मी लपवणार नाही. आज्ञेनं आपण बांधलेलो आहोत. देव बांधलेला नाही. एवढ्यावर मी टेकलो आहे, पण निवांत नाही. तूही एकदम निवांत होशील असं समजू नकोस.

बाप्तिस्मा देताना मी प्रत्येकाला सगळ्यांसमोर विचारायचो, तू कुणावर विश्वास ठेवतोस? बहुतेक जण आपल्याच माणसांत उभं राहून उत्तर द्यायचे. दाजींनी जिथं सगळ्यांत जड होतं तिथं जाऊन दिलं. आणि ते उत्तर मंडळीपर्यंत आणलं कुणी, तर ज्याला ते पटलंच नाही त्यानं. माझ्या इतक्या वर्षांच्या सेवेत अशी साक्ष मी ऐकली नाही.

कारभारींना उत्तर द्यायचं राहिलंय. मी पत्रानं दिलं असतं, पण त्यांनी तुला विचारलंय. आष्टीला जा. जेवढं कळतं तेवढं सांग, आणि कळत नाही तिथं कळत नाही म्हण. त्यांनाही आता भाऊ नाही, बोलायला कुणी हवं असेल. नंदाला सोबत ने. त्या घरात तिनं अजून पाऊल ठेवलेलं नाही.

तिथून आल्यावर लिही. मी वाट बघतोय, आणि माया धरून आहे.

तुझा,
शलमोन मामा