उंदरांचा शेक

मंगळवार, संध्याकाळ. जुईनगर.

दमले. आज लॅबमध्ये उंदरांवरच्या प्रयोगाचे निकाल चांगले आले. सगळं रेडिएशन सेकंदाच्या आत दिलं, कॅन्सरची गाठ आक्रसली आणि भोवतालची कातडी शाबूत राहिली. आनंद व्हायला हवा होता ना?

पण निघताना खाली हॉस्पिटलच्या लिफ्टपाशी उरणच्या काकू भेटल्या. त्यांच्या नवऱ्याच्या घशाला रोज रेडिएशन चालू आहे. त्या त्याला शेकच म्हणतात. हातात पेजेचा डबा, भरलेलाच. "घसा पार जललाय, पेज पन उतरत नाय," म्हणाल्या.

धीर द्यायला म्हणून मी बोलून गेले, "काकू, आम्ही नवा शेक शोधतोय. पापणी लवायच्या आत होतो, चांगली जागा जळत नाही."

"मंग बाय, आमचे मानसाला तोच दे ना."

"आपल्याकडे माणसांना नाही देत अजून. उंदरांवर चाललंय."

त्यांनी डबा या हातातून त्या हातात घेतला. "बरा हाय. उंदरांचा तरी घसा वाचला."

टोमणा असता तर सोसला असता. मनापासून म्हणाल्या.

कशाला सांगितलं मी? तो डबा तसाच उरणला परत गेला असेल.

उद्या काकू पुन्हा येतील. मी जिन्याने जाईन.