ओहोटीचं गेट

प्रिय स्वरांगी,

तू खाली स्वयंपाकघरात आहेस आणि मी वरच्या खोलीत बसून तुला पत्र लिहितोय, म्हणजे तू हसशीलच. पण काही गोष्टी तुझ्यासमोर बसून मला बोलता येत नाहीत. तुला मराठी समजतं, वाचता येत नाही, हे मला ठाऊक आहे. जेवण झालं की आईकडून वाचून घे. तिनेच वाचायला हवं.

आधी तब्येतीचं. पोट आता खरंच ठीक आहे ना? काल तू निम्मा भात ताटात ठेवलास. विचारलं तर म्हणालीस, "आय ॲम ग्रँड, आजोबा." या आयर्लंडात पाय मोडलेला माणूसही ग्रँडच असतो, त्यामुळे त्या शब्दावर माझा भरवसा नाही. ताकात थोडं जिरं घालून ठेवलंय, ते पी. आणि ओल्या केसांनी झोपू नकोस. आता पोहायलाच जात नाहीस तर केस ओले कसे असतील, असं म्हणशील. खरं आहे. तेच मनाला लागून राहिलंय.

तुझा पोहण्याचा काळा सूट आणि गॉगल आईने वरच्या कपाटात ठेवून दिलेत. इथल्यासारखं तूही कपाटाला प्रेस म्हणतेस, मला अजून इस्त्रीच आठवते. रविवारी टेकडीपलीकडच्या किनाऱ्यावर तुमची शर्यत. तिथलं पाणी तपासलेलं आहे, चांगलं आहे. दोन महिने तू त्यासाठी सराव करत होतीस. आईने नाही म्हटलं आणि तू सूट तिच्या हातात दिलास. तू दार आपटलं असतंस तर मला बरं वाटलं असतं.

मी सातवी शिकलेला माणूस. मुंबईत पालिकेच्या पंपिंग स्टेशनवर खाडीकाठी एकतीस वर्षं काढली. शहराची घाण समुद्रात सोडायची, पण वाटेल तेव्हा नाही. ओहोटी लागली की गेट उघडायचं, भरती लागायच्या आत बंद करायचं. भरतीची वेळ आम्ही तिथीवरून काढायचो. तिथीची पाऊणपट केली की झाली भरतीची वेळ. इथे आल्यावर तुला मोठ्या तोऱ्यात तो हिशेब शिकवला, आणि तू फोन पुढे धरून दाखवलंस की आयर्लंडची भरती माझ्या तिथीला जुमानत नाही. किती हसलीस! मीही हसलो. एक चूक तू पकडलीस, तेव्हा वाटलं, चला, बाकीचं तरी माझं बरोबर असेल.

मंगळवारी शेजारचे मार्टिन मला हॉलमधल्या सभेला घेऊन गेले. गावचा सांडपाण्याचा जुना पाइप बदलायचा की नाही, याचा कौन्सिल पुन्हा आढावा घेते आहे. पाच वर्षांपूर्वीही घेतला होता म्हणे. मार्टिन आयुष्यभर मासेमारी केलेले, ते कानात म्हणाले, "आढावे इतके झाले की तेच समुद्रात टाकले तर बंधारा होईल." त्यांचं इंग्रजी मला निम्मंच कळतं, पण हे कळलं. एक तरुण इंजिनियर बाई भिंतीवरच्या नकाशावर काठी फिरवत होत्या. तो नकाशा मला भाषेशिवाय कळला. पाइप दिसला, टोक दिसलं. गेट कुठे दिसेना. मी उभा राहिलो. सगळे वळून बघायला लागले. म्हटलं, "मॅडम, व्हेअर गेट?" त्या म्हणाल्या, "नो गेट, सर. नेव्हर वॉज." मग काठीने दाखवलं की पाइप रात्रंदिवस वाहतो, आणि भरतीचं पाणी ते सगळं उचलून गावच्या धक्क्याशी आणून सोडतं. ओहोटीला पाणी त्यातल्या त्यात बरं. त्यानंतर कोण काय बोललं ते मी ऐकलं नाही. मार्टिननी हात धरून घरी आणलं.

पद्मिनी, लेकीला वाचून दाखवताना थांबू नकोस बाळ, इथून पुढचं तुझ्यासाठी आहे. धक्क्यावर पोहायचं नाही, असं तू हिला बजावलं होतंस. ही गेली, पाच दिवस तापाने आणि उलट्यांनी आडवी झाली. तू विचारलंस, कुणाला विचारून गेलीस? ही म्हणाली, कुणालाच नाही, माझी मीच गेले. ते खोटं होतं. हिने मला विचारलं होतं. मी म्हटलं होतं, "भरती असताना जा, तेव्हा बाहेरचं स्वच्छ पाणी आत येतं. आईला पाण्यातलं काय कळतं? मी एकतीस वर्षं तेच केलंय." तू हिला रागावत होतीस तेव्हा मी तिथेच बसलो होतो. बिस्कीट चहात तुटून पडलं होतं, ते चमच्याने शोधत राहिलो. पोरीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, मी सापडू नये म्हणून. कौन्सिलचा फॉर्म सोबत ठेवलाय, शुक्रवारपर्यंत द्यायचा आहे. घरात कुणी या पाण्याने आजारी पडलं का, ही ओळ मी कोरी ठेवलीय. तिथे हिचं नाव लिही, आणि कुणाच्या सांगण्यावरून गेली तिथे माझं. गॉगल मीच काढून दिला असता, पण माझा हात त्या कपाटापर्यंत पोहोचत नाही. तू काढून दे. रविवारी मी टॉवेल घेऊन काठावर उभा राहीन, आणि पाण्याबद्दल एक अक्षर बोलणार नाही.

तुझाच,
काठावरचा आजोबा