अक्काची बाजू

नळदुर्ग

प्रिय अक्का,

तू फोनवर म्हणालीस, “शिवा, माझं सगळं पुसून टाक, मशीनला जागा होईल.” मी पुसलेलं नाही. पुसणारही नाही. हे सगळ्यात आधी लिहितो, कारण पुढे लिहिता लिहिता मला भीती वाटायला लागली तरी एवढं तरी कागदावर आलेलं असेल.

दुकान चालू आहे. हायवेची धूळ तशीच आत येते आणि कीबोर्डवर मी अजून तुझी जुनी ओढणी पांघरतो. पण आपल्या कॉम्प्युटरची विंडोज फार जुनी झाली. पीक विम्याचे, शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायच्या साइट तिच्यावर उघडेनात. गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जायला लागलं. अप्पांचं म्हणणं सरळ होतं, सगळं काढ आणि नवं टाक. पण तुझ्या पत्रिका ज्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत ते त्या जुन्या विंडोजशिवाय चालत नाही. मराठी आणि कानडी शेजारी शेजारी लावलेल्या लग्नपत्रिका, नंदीभोवती तू काढलेली बेलपानांची वेल, सगळं त्यातच. मी अप्पांना तसं सांगितलं, तर म्हणाले, “लेक दिली म्हंजी दिली. तिची पानंफुलं मशिनीत कशाला सांभाळायची?” अव्वा भाकरी थापायची थांबली.

मग मी ठरवलं, दोन्ही ठेवायचं. एकाच हार्ड डिस्कवर अर्ध्यात तुझी विंडोज, अर्ध्यात लिनक्स. लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच दुसरी सिस्टिम, फुकट मिळते आणि जुन्या मशीनवरही चालते. मशीन सुरू केलं की ते आधी विचारतं, कुणीकडे जायचं? माझा स्वभाव तुला माहीत आहे. कुलूप लावल्यावर तीन वेळा ओढून बघणारा मी. तुझ्या फायली आधी दोन पेन ड्राइव्हवर घेतल्या, त्यातला एक अव्वाच्या तांदळाच्या डब्यात ठेवला. डिस्कवर जागा वेगळी करताना मधेच लाईट गेली तर सगळंच जाऊ शकतं, आणि आपल्याकडे दुपारी लाईट जातेच. म्हणून ढाब्यावर मल्लिनाथमामांकडे इन्व्हर्टर मागायला गेलो. ते म्हणाले, “बाळंतपण हाय का रं मशिनीचं?” मी व्हय म्हणालो. “मग जुळंच होऊ दे,” म्हणाले, आणि ढाब्याचे पंखे बंद करून बॅटरी स्वतः हातगाड्यावर घालून घेऊन आले. मागं ट्रकवाले घामाघूम होऊन ओरडत होते.

लिनक्स टाकायला बसलो तर पहिलाच पर्याय आला, सगळी डिस्क पुसून टाका. तेच सोपं असतं, एका बटणाचं काम. मी बटणावरून बोट उचललं. मी खालचा पर्याय घेतला आणि एकेक ओळ मोठ्यानं वाचत पुढे गेलो. मल्लिनाथमामा मागं हात जोडून उभे होते, देवळात उभं राहावं तसे.

दोन्ही बाजू चालू झाल्या, फक्त एक चूक राहिली. लिनक्समधून तुझ्या बाजूला गेलं की घड्याळ साडेपाच तास मागं पडायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला अप्पा आले आणि बघतात तर पडद्यावर पहाटेचे साडेपाच. म्हणाले, “तुझ्या अक्काची बाजू अजून झोपेतच हाय की!” मशीनमधलं घड्याळ एकच, पण लिनक्स त्यात ग्रिनिचची वेळ लिहून ठेवते आणि विंडोज ती आपल्याकडचीच समजते. लिनक्सला बजावलं, इथली वेळ लिही. जमलं. मग मी अप्पांना म्हणालो, “जागी आहे ती.” अप्पांना असा उलटून मी कधी बोललो नव्हतो. त्यांनी चष्मा पुसून पडद्यावरची वेळ पुन्हा बघितली.

आता हे का लिहिलं ते सांगतो. तू ‘पुसून टाक’ म्हणालीस तेव्हा तुझ्या फोनचा स्पीकर चालू होता आणि शेजारी दाजी खोकले. वेलीचं एक पान वाकडं छापलं गेलं तर गठ्ठा परत करणारी तू, ते बोलणं तुझं नव्हतं. सासरची माणसं म्हणाली, माहेरी जाऊन दुकानात बसणार असेल तर सुनेला नागपंचमीला पाठवायचं नाही. अप्पांनी ते ऐकून घेतलं आणि यंदा तुला आणायला मुराळी जाणार नाही असं घरात ठरलं. मला कुणी विचारलं नाही आणि मला ते मान्य नाही. पंचमीच्या आदल्या दिवशी सकाळच्या एसटीनं मीच मुराळी होऊन आळंदला तुझ्या सासरी येतोय. दारात मला घाम फुटेल, शब्द अडखळतील, पण मी तिथून हलणार नाही. शिवलीलाकाकू भाचीच्या बारशाला तिकडे येत आहेत, पत्र त्यांच्या हाती देतोय, कारण तुझा फोन तुझा राहिलेला नाही. मशीन सुरू झालं की दोन नावं दिसतात, तुझ्या बाजूचं वर ठेवलंय. आधी ते दहा आकडे मोजायचं आणि स्वतःच निवडून टाकायचं. ती मोजणी मी बंद केली. आता कुणी बटण दाबेपर्यंत ते थांबून राहतं. पंचमी करून परत जायचं की आपल्या दुकानात तुझ्या खुर्चीवर बसायचं, ते तू ठरव. तोवर अप्पांना, दाजींना, कुणालाच मी तुझ्या वतीनं बटण दाबू देणार नाही.

दारात उभा राहणारा, तुझाच भाऊ,
शिवपुत्र