कपाट ठेवून पाहिलं

सर, काल गाझियाबादला काकूंकडे जाऊन आले. लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर सोडल्यापासून त्या लेकाकडे असतात. पोह्यांची बशी पुढे ठेवत त्यांनी विचारलं, "अगं, यांचं ते दोन थिअऱ्यांचं बरोबरच होतं ना? तू अजून त्यावरच आहेस, म्हणून विचारते." मी म्हटलं, "बिल्कुल, काकू."

ते बरोबर नव्हतं, सर. कणांमधल्या बलांचं गणित मांडणाऱ्या, सुपरसिमेट्री असलेल्या दोन गेज थिअऱ्या. एकीत कणांमधली ओढ इतकी जबरदस्त की गणित हात लावू देत नाही, दुसरीत इतकी हलकी की कागदावर सुटतं. दोन्ही मुळात एकच आहेत, ही तुमची ड्युअलिटी, आणि तिच्यापायी तुम्ही निम्मं आयुष्य घातलंत. तुम्ही गेलात तोवर पडताळलेलं सगळं जुळत होतं. माझी पीएचडी त्यावरच, नोकरीही त्यावरच.

क्वार्टरच्या स्वयंपाकघरातला एक रविवार आठवतो. तुम्ही पिठलं ढवळताय, मी ओट्याला टेकून माझी दोन उत्तरं जुळल्याचं ऐटीत सांगतेय. तुम्ही पळी माझ्यावर रोखता. "जुळलं की लगेच नाचायचं नाही, यार. या कॉलनीतली सगळी क्वार्टरं रिकामी असताना सारखीच दिसतात. भिंतीला कपाट लाव, मग कळतं ओल कुठे आहे ते. डिफेक्ट ठेवून बघ आधी." डिफेक्ट म्हणजे थिअरीत मुद्दाम ठेवलेला, जागचा न हलणारा एक प्रचंड जड कण, भोवतालचं क्षेत्र त्याला कसं सामावून घेतं ते पाहायचं. मला भयंकर राग आला होता. पिठलं मात्र मागून घेतलं.

तुमच्या स्वतःच्या जोडीत तो ठेवायचं राहूनच गेलं. तुम्ही आजारी पडलात. गेल्या महिन्यात मी ठेवला. पहिलीत जो कण आरामात बसतो, त्याला दुसरीत जागाच नाही. पुन्हापुन्हा तपासलं. रिकाम्या असताना दोघी तंतोतंत सारख्या, आणि कपाट लावताच ओल दिसली.

पेपर तयार आहे. तो पाठवला की तुमचा दावा संपतो. नाही पाठवला, तर त्या स्वयंपाकघरात तुम्ही जे शिकवलंत ते संपतं. मी पाठवणार आहे. काकूंना आधी सांगावं म्हणून गेले होते, आणि खोटं बोलून परत आले. मेट्रोत सगळा वेळ स्वतःची लाज वाटत होती. पेपर जाईल, हे पत्र कुठे पाठवू?

पण काकूंशी खोटं बोलले त्याहून मोठा अपराध वेगळाच आहे. चूक सापडली तेव्हा तुमची आठवण मला नंतर आली, सर. आधी मी खोलीचं दार लावून घेतलं आणि नाचले.